दाराकडे तोंड असलेली खुर्ची

रुआन ग्वानलोंग या माणसाबद्दल मला काय वाटतं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईने आडून तोंडसुख घेतलं. मला त्याचा तिटकारा आहे. सोंगशियाच्या जुन्या पुलापाशी माझं हॉटेल आहे. खाली साधी टेबलं, वर एक मोठी खोली, गोल टेबलाची. त्या खोलीत मी त्याला वर्षानुवर्षं जेवायला वाढलंय, आणि माणूस कसा आहे ते तो जेवताना बघावं. कोर्टकचेरीत तो तोंड धुऊन येतो.

आमचं गाव छत्र्यांवर जगतं. कुणी काड्या वळतं, कुणी कापड शिवतं, कुणी मुठी ओततं. रुआनचा बाप खांद्यावर पेटी टाकून गल्लोगल्ली मोडक्या छत्र्या दुरुस्त करत हिंडायचा. चांगला माणूस होता, पैसे नसले तर उद्या द्या म्हणायचा. रुआन त्याचा उल्लेख ‘आमचे वडील उद्योगपती’ असा करतो. स्वतः त्याने सुरुवात केली ती हांगचौच्या तळ्याकाठी, पर्यटकांना छत्र्या विकून. छत्री अशी की ती एका पावसात उघडावी आणि त्याच पावसात मोडावी. गिऱ्हाईक परत येणारच नसेल तर माल टिकाऊ कशाला, हे त्याचं तत्त्वज्ञान. पुढे कारखाना झाला, गाडी आली, पोट आलं, आणि गावाने त्याला रुआनशेठ म्हणायला सुरुवात केली. मीही म्हणते. धंद्यात तोंड गोड ठेवावं लागतं.

तर या शेठचं नाव स्वतःच्याच कंपनीच्या एकाही कागदावर नव्हतं. खिशात सोनेरी अक्षरांचं कार्ड, त्यावर ‘ज्येष्ठ सल्लागार’. कंपनीचा एकुलता एक डायरेक्टर होता त्याचा मेहुणा, शिया गेनफा.

गेनफा म्हणजे होयबा. शेठच्या बायकोचा, चायफेनचा, धाकटा भाऊ. तरुणपणापासून छत्रीच्या काड्यांना रिपिटा, ते बारीक खिळे, मारतोय, दोन्ही अंगठ्यांना कायमचे घट्टे. बस डेपोमागे तिसऱ्या मजल्यावर त्याचं दोन खोल्यांचं घर आहे, याच अंगठ्यांच्या जोरावर घेतलेलं. तिथे तो आणि त्याची म्हातारी आई राहतात. एके दिवशी दाजींनी कागद पुढे केला, ‘तुला डायरेक्टर केलंय’ म्हणाले, आणि याने सही ठोकली. डायरेक्टर झाल्यावरही तो रिपिटाच मारत होता. पगारही तोच. शेठची गाडी आली की दार उघडायला धावायचा. मला रुआनचा तिटकारा होता तसा गेनफाचा रागही यायचा. एवढ्या मोठ्या माणसाला पाठीचा कणा म्हणून काही असतो की नाही?

आमच्याकडे टेबलावर कोण कुठे बसतो हे कुणाला सांगावं लागत नाही. दाराकडे तोंड असलेली खुर्ची यजमानाची. तिथल्या पेल्यात मी रुमालाची उंच घडी खोचते, बाकीच्यांच्या बुटक्या, म्हणजे आलेल्या माणसाला लगेच कळतं. मासा येतो तेव्हा त्याचं डोकं मुख्य पाहुण्याकडे असतं आणि पहिला पेला त्याने घ्यायचा. दरवर्षी वसंताच्या सणाआधी कारखान्याचं जेवण माझ्याकडे व्हायचं. उंच रुमालाच्या खुर्चीत सल्लागारसाहेब. पाहुणे कितीही मोठे असोत, हा फिरतं टेबल हाताने ढकलून माशाचं डोकं स्वतःकडे आणायचा. आणि डायरेक्टरसाहेब दाराला पाठ करून, जिथून वाढप होते तिथे, सगळ्यांचे पेले भरत उभे. कुणाच्या नजरेला ते खटकायचं नाही. मेहुणा उभा राहणारच, असं सगळे धरून चालायचे.

आणि शिक्का. कंपनीचा गोल लाल शिक्का रुआनच्या पँटच्या उजव्या खिशात असायचा. इथे शिक्का ज्याच्या हातात त्याची कंपनी, शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रात्री उशाखाली घेऊन झोपतो, असं चायफेन मला हसत सांगायची. हसण्यासारखं त्यात तिला काय वाटायचं, कोण जाणे.

मग धंदा बसला. बसला म्हणजे इतरांचा बसला, रुआनने आपला आधीच उचलून पलीकडे नेऊन ठेवला. नदीपलीकडे त्याच्या एका चुलतीच्या नावाने नवी कंपनी निघाली. शिवणयंत्रं, साचे, तयार माल, सगळं तिकडे कवडीमोलाने ‘विकलं’ गेलं. विकणाऱ्याची सही: शिया गेनफा, डायरेक्टर. जुन्या कंपनीत उरली एक पाटी आणि उधारी. सगळ्यात मोठी उधारी पान युएशियनची. पानबाई छत्रीचं कापड पुरवते. नवरा गेल्यावर एकटीने रंगाच्या हौदापासून दुकानापर्यंत सगळं सांभाळलंय. ती कोर्टात गेली, जिंकली, आणि वसुलीला गेली तर कंपनीत झाडायला केरसुणीसुद्धा नव्हती.

कंपनी पैसे देत नाही म्हटल्यावर कोर्टाने कागदावरच्या प्रमुखावर बंदी घातली. पैसे फिटेपर्यंत वेगवान आगगाडी नाही, विमान नाही, भारी हॉटेल नाही. त्याच सुमाराला गेनफाच्या मुलीला छंगतूमध्ये मुलगा झाला होता. हा नातवाला बघायला रखडत जाणाऱ्या जुन्या हिरव्या आगगाडीच्या कडक बाकावर बसून गेला. पाय सुजलेले घेऊन उतरला. मुलीने विचारलं, बाबा, वेगवान गाडीने का नाही आलात? तर म्हणाला, मला खिडकी उघडता येते ती गाडी आवडते. आणि तेव्हा रुआन कुठे होता? हैनानच्या समुद्रावर. विमानाने.

पानबाई गप्प बसणारी नव्हे. तिने दुसरा दावा लावला, या वेळी कंपनीवर नाही, माणसांवर. डायरेक्टर गेनफावर आणि सोबत रुआनवरही. नवा कायदा आलाय, तिच्या वकिलाने सांगितलं. डायरेक्टरने जाणूनबुजून, किंवा डोळ्यांवर कातडं ओढून, घेणेकऱ्यांचं नुकसान केलं तर त्याला स्वतःच्या खिशातून भरावं लागतं.

हे ऐकून रुआन घाबरेल असं मला वाटलं होतं. तो तर खूश झाला! माझ्याकडे येऊन नूडल्स खाताना फोनवर कलम वाचून दाखवत होता.

“बघा यूताई, सरकारने कायदा आमच्या गेनफासाठीच केलाय. डायरेक्टर भरणार! आता मी कोण? मी सल्लागार.”

“आणि गेनफा कुठून भरणार?” मी विचारलं.

“घर आहे ना त्याचं.”

“त्या घरात तुमची सासू राहते, शेठ.”

“म्हातारीला काय, कुठेही झोप लागते,” तो म्हणाला, आणि वाटी तोंडाला लावून सूप प्यायला. असं बोलताना त्याने मान वर करूनही बघितलं नाही.

पण एक गोष्ट त्याला टोचत होती. गेनफा डायरेक्टर आहे हे कागद सांगत होते, गावात मात्र कुणी मानत नव्हतं. उद्या कोर्टात दहा जण सांगतील, कारखाना रुआनचा. म्हणून त्याने डोकं चालवलं. घेणेकऱ्यांना जेवायला बोलवायचं, यजमान गेनफा. गेनफा मुख्य खुर्चीत, सगळे त्याला डायरेक्टरसाहेब म्हणतायत, असा व्हिडिओ काढायचा आणि तोच कोर्टापुढे ठेवायचा. व्हिडिओ काढायचं काम बायकोकडे. चायफेनला त्याने माझ्यासमोरच बजावलं, “जेवण संपलं की लगेच सगळ्यांच्या ग्रुपवर पाठव. कापाकापी करू नकोस, नाहीतर म्हणतील नाटक आहे.”

“पूर्ण पाठवू?” चायफेनने विचारलं.

“पूर्ण म्हणजे पूर्ण. किती वेळा सांगायचं, बिनडोक?”

त्या दिवशी मी उंच रुमाल गेनफाच्या पेल्यात खोचला. तो खोलीत आला, रुमाल बघितला आणि सवयीने दाराजवळच्या खुर्चीकडे वळला. रुआनने त्याला दंडाला धरून नेऊन बसवलं. बसला बिचारा, खुर्चीच्या काठावर, दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा. रुआन स्वतः दाराला पाठ करून बसला. त्या खुर्चीत त्याला मी पहिल्यांदाच बघत होते. मागून वाढपी गेला की प्रत्येक वेळी त्याचे खांदे आक्रसत.

पानबाई आली, काड्यावाला आला, मुठीवाला आला. सगळ्यांनी खुर्च्या बघितल्या, एकमेकांकडे बघितलं. पानबाईच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. चायफेन भिंतीशी फोन धरून उभी. कोमट दारू आली, दारूत मुरवलेली कोंबडी आली, सुकवलेल्या मोहरीच्या पाल्यातलं डुकराचं मटण आलं. रुआन अधूनमधून मोठ्याने म्हणे, “डायरेक्टरसाहेबांनी मागवलंय हं सगळं! मी काय, फुकट जेवणारा!” आणि स्वतःच हसे.

मग मी मासा घेऊन गेले. शेठने लावलेल्या सवयीने डोकं उंच रुमालाकडे, म्हणजे गेनफाकडे, करून ठेवला. गेनफाचा हात आपोआप टेबल फिरवायला उठला, मासा शेठकडे वळवायला. पानबाईने चॉपस्टिक्स आडव्या धरून टेबल अडवलं.

“राहू द्या डायरेक्टरसाहेब,” ती म्हणाली. “तुमचा मासा आहे. घ्या पहिला पेला.”

गेनफाने दाजींकडे बघितलं. दाजींनी डोळ्यांनी खुणावलं, घे. त्याने घेतला. पानबाईने पुन्हा भरला. मग काड्यावाल्याने भरला, मग मुठीवाल्याने. ‘डायरेक्टरसाहेब, डायरेक्टरसाहेब’ चाललं होतं. गेनफाचं नाक लाल झालं, आणि मी शपथेवर सांगते, तो खुर्चीच्या काठावरून हळूहळू मागे सरकला. पाठ टेकली. रुआन हे बघत होता. त्याच्या मानेची शीर मला दारातून दिसत होती.

“डायरेक्टरसाहेब,” पानबाई म्हणाली, “मी विधवा बाई, मला घोळवू नका. माझे पैसे कधी देता?”

गेनफाने माशाचा गाल उकरून खाल्ला. मासा ज्याच्याकडे त्यानेच खायचा तुकडा, आयुष्यात त्याला कधी मिळाला नव्हता. चघळला, गिळला.

“नदीपलीकडे मशीनं आहेत,” तो म्हणाला. “आपलीच आहेत. मीच लॉरीत चढवली. ती विकू. सगळ्यांचे देऊ.”

“गेनफा,” रुआन हळू म्हणाला, “बास झाली दारू.”

“दाजी, मी डायरेक्टर आहे ना?”

“आहेस रे, पण...”

“मग माझं ठरलं. उद्याच विकू. आधी पानबाईंचे.”

तो दारूत बोलत होता की शुद्धीत, मला आजही माहीत नाही. विचारलं तर खांदे उडवतो. पण रुआनला ते सहन झालं नाही. पैशांचं सहन झालं नाही म्हणावं तर पैसे काही लगेच जाणार नव्हते, चार शब्दांत सारवासारव करता आली असती. त्याला सहन झालं नाही ते दुसऱ्या कुणीतरी त्या खुर्चीत बसून ‘माझं ठरलं’ म्हणणं. तो उठला, खुर्ची मागे आदळली.

“ऊठ तिथून! ऊठ म्हणतो! खुर्चीत बसवलं तर मालक समजायला लागला! अरे रिपिटा मारणाऱ्या, तुला विचारून मी कधी खिळा तरी घेतलाय का? मशीनं माझी, कारखाना माझा, तिकडची कंपनीही माझी! तुला वापरलं मी, सहीपुरतं!” आणि उजव्या खिशातून शिक्का काढून त्याने माशाच्या थाळीशेजारी आपटला, रस्सा उडाला. “हा कुणाच्या खिशात असतो? बोल ना! डायरेक्टर म्हणे!”

मग त्याने गेनफाची कॉलर धरून त्याला उठवलं आणि त्या खुर्चीत जाऊन बसला. टेबल फिरवलं. माशाचं डोकं स्वतःकडे आणलं. एक पेला भरून प्यायला, तेव्हा कुठे त्याचा जीव शांत झाला. आणि तेव्हाच त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. चायफेन फोन धरून उभीच होती.

“बंद कर ते,” तो म्हणाला.

“केलं,” ती म्हणाली. “पाठवलंही.”

“काय पाठवलंस?”

“पूर्ण. तुम्हीच म्हणालात ना, पूर्ण म्हणजे पूर्ण. मी बिनडोक, मला काय कापता येतंय?”

पानबाईच्या पर्समध्ये फोन वाजला. काड्यावाल्याचाही वाजला. मी ट्रे घेऊन खाली आले आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

कोर्टात मलाही साक्षीला बोलावलं. न्यायाधीशबाई तरुण होती, बारीक आवाजाची. तिने मला एवढंच विचारलं, त्या कंपनीच्या जेवणांची ऑर्डर कोण द्यायचं आणि मुख्य खुर्चीत कोण बसायचं. मी सांगितलं. रुआनचा वकील म्हणाला, खुर्चीने काय सिद्ध होतं? ती म्हणाली, एकट्या खुर्चीने नाही, पण व्हिडिओ आहे, बँकेतून पैसे कुणाच्या हुकुमाने फिरले ते आहे, आणि खुर्ची त्यांच्याशी जुळते. मग तिने त्या कायद्यातला तो भाग वाचला जो नूडल्स खाताना रुआनने वाचला नव्हता. पद घेतलं नाही, पण कंपनी प्रत्यक्षात चालवली, तर डायरेक्टरची कर्तव्यं त्यालाही लागू. बाकीचा कायदा त्याने मेहुण्यासाठी राखून ठेवला होता, तो सगळा त्याच्याच अंगावर आला. पानबाईची संपूर्ण रक्कम रुआनने भरायची.

आणि गेनफा? मला वाटलं होतं तो सुटेल. त्याच्या वकिलाने जीव तोडून सांगितलं, हा नावापुरता होता, याला काही माहीत नव्हतं. न्यायाधीशबाईने गेनफालाच विचारलं, “मशीनं लॉरीत कुणी चढवली?”

“मी.”

“देणी बाकी आहेत हे माहीत होतं?”

“पानबाई रोज दारात यायच्या. माहीत कसं नसेल?”

“मग विक्रीच्या कागदावर सही का केली?”

“दाजींनी सांगितलं,” तो म्हणाला, आणि मग खाली बघून, “मी वाचलाच नाही.”

“नाव तुम्ही उसनं दिलंत, मान्य,” ती म्हणाली. “सही मात्र तुमच्याच हाताची आहे. न वाचता सही करणं हा डायरेक्टरचा निष्काळजीपणाच असतो, साधा नाही, गंभीर.” रकमेचा एक हिस्सा तिने त्याच्यावरही टाकला. ऐकून मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. त्या अंगठ्यांनी केलेल्या सह्यांमुळे पानबाईने वर्षभर मिठाच्या पाण्यात भात खाल्ला होता.

नदीपलीकडची मशीनं लिलावात गेली, त्यातून बरंच फिटलं. पानबाई गेनफाच्या घरावर गेली नाही. हप्त्याने दे म्हणाली, आणि तो देतो. पुन्हा रिपिटा मारतो, दुसऱ्याच्या कारखान्यात. आई त्याच घरात आहे, आता चायफेनही तिथेच राहायला आलीय. पुरती बंदी उठली नाही, पण हप्त्यांचा करार झाल्यावर कोर्टाने त्याला वेगवान गाडीची परवानगी दिली. नातवाला एकदा बघून आला. खिडकी उघडत नव्हती म्हणे, पण चालतं.

आता बंदी रुआनवर आहे. मोठ्या हॉटेलांचे दरवाजे बंद, म्हणून तो कधीतरी माझ्याकडे खाली बसून जेवतो. स्वयंपाकघरालगतच्या टेबलाशी, आणि अजूनही खुर्ची ओढून दाराकडे तोंड करूनच. घेणेकरी गावात बरेच आहेत. आत कोण येतंय ते आधी दिसलेलं बरं, म्हणून बसत असेल.

मागच्या महिन्यात तो गेनफाला घेऊन आला. समोर बसवलं, मासा मागवला. मी दारातून बघत होते. तो काय बोलणार ते मला कळलं होतं, आणि गेनफा काय करेल याचीच मला भीती वाटत होती.

“झालं गेलं विसर,” रुआन म्हणाला. “घरातलं भांडण घरात. रेनकोटची कंपनी काढतोय. छत्र्यांचे दिवस गेले. तू फक्त इथे सही कर.” त्याने कागद पुढे केले, पेन उघडून वर ठेवलं. आणि मासा आला तेव्हा स्वतःच्या हाताने, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्याचं डोकं गेनफाकडे वळवलं.

गेनफाने पेन उचललं. माझ्या हातातली सुरी तिथेच थांबली. त्याने पेन बाजूला ठेवलं आणि शर्टाच्या खिशातून चष्मा काढला, नवा, स्वस्तातला. “आधी वाचतो, दाजी,” तो म्हणाला.

“वाचायचं काय त्यात! छापील असतं सगळं.”

“छापील असलं म्हणून काय? वाचतो.”

बोट ओळीवर ठेवून तो वाचायला लागला. ओठ हलत होते. पहिलं पान. मग पुन्हा पहिलंच पान. मासा निवत चालला होता. रुआन एकदा कागदाकडे बघे, एकदा दाराकडे. “हे व्यक्तिशः जबाबदार म्हणजे काय, दाजी?” गेनफाने न बघता विचारलं. “ते सगळ्यांच्याच कागदांत असतं रे,” रुआन म्हणाला. “असं?” म्हणून गेनफाने पान उलटलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि पानबाई आत आली. दाराकडे तोंड असल्यामुळे रुआनने तिला सगळ्यांच्या आधी बघितलं. तो उठला, पोट आत ओढून टेबलाआडून सरकला आणि माझ्या स्वयंपाकघरातून, कोंबड्या सोलायच्या टोपलीला अडखळून, मागच्या दाराने पळाला. “शेठ, बिल!” मी ओरडले.

पानबाई त्याच्या रिकाम्या खुर्चीत बसली. “काय वाचताय, गेनफाभाऊ?”

“थांबा, शेवटचं पान राहिलंय,” तो म्हणाला. ते त्याने संपवलं, चष्मा काढून खिशात ठेवला. मग कागदांची चळत ताटाशेजारी ओढली, चॉपस्टिक्स उचलल्या, मासा खायला लागला आणि निघालेले काटे नीट सहीच्या जागेवर ठेवत गेला.